सात फुटी होकार

माझ्या धाकट्या भावाला, लुक्यानला, नाही म्हणता येत नाही. बाकी पुष्कळ येतं. पाच भाषांतल्या शिव्या कळतात, यजमानांनी पुढे ठेवलेलं मेंढीचं अख्खं डोकं कसं संपवायचं ते येतं, आणि विमानाच्या मधल्या सीटवर गुडघे कुठे कोंबायचे यावर तर तो एखाद्या मास्तरासारखा बोलतो. आमच्या झोलोतोनोशा गावातले लोक मला बाजारात थांबवून म्हणतात, मोत्र्या, तुझा भाऊ इतक्या देशांत बास्केटबॉल खेळला, म्हणजे केवढा नावाजलेला असेल. मी सांगते, खेळाडू बरा आहे, पण फिरला तो खेळामुळे कमी आणि भिडेमुळे जास्त. फोन वाजला आणि पलीकडून कुणी 'येतोस का' म्हणालं, की आमचे साहेब बॅग भरायला घेतात.

उंचीने तो सात फुटांना एक इंच कमी. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि तेव्हाच माझ्या खांद्याला लागत होता. वडील त्याआधीच गेलेले. मी विशीतली, शिवणकारखान्यात नोकरीला. त्याला वाढवला मी, आणि त्याच्या पँटीही मीच शिवत आले, कारण त्याच्या मापाचं ना आमच्या गावात मिळतं ना जवळच्या चेर्कासी शहरात. एका पँटीच्या कापडात माझ्या नवऱ्याच्या दोन होतात. नवरा, प्रोकिप, हे दर वेळी बोलून दाखवतो. एरवी तो फारसं काही बोलत नाही.

बास्केटबॉलसुद्धा लुक्यानने भिडेपोटीच धरला. त्याला फुटबॉल आवडायचा. पण वर्गातला युखिम, टीचभर पोरगा, दारात येऊन म्हणाला की आमच्या टीमला उंच माणूस हवाय. झालं. तेव्हापासून युखिम बॉल घेऊन पुढे पळणार आणि लुक्यान बास्केटखाली उभा राहणार. बॉल हातात आला की तो वर जाळीत टाकायचा सोडून हा पुन्हा युखिमकडे द्यायचा. शाळेचे कोच डोकं धरून बसायचे. मी विचारलं, अरे, बास्केट तुझ्या डोक्याशी आहे, टाकत का नाहीस? तर म्हणे, युखिम मोकळा होता, त्याला वाईट वाटलं असतं.

एवढं असूनही उंचीने त्याला पुढे नेलं. कीव्हचा एक गोडबोल्या एजंट त्याला चिकटला आणि मग वर्षाला एक देश सुरू झाला. लिथुआनियात गेला, तिथे सगळेच त्याच्याएवढे, म्हणून हा बाकावर. पण तो देश त्याला फार आवडला, कारण तिथल्या दारांना कपाळ आपटत नाही. रोमानियात क्लबच्या मालकाच्या नातीचा धर्मबाप होऊन आला. सायप्रसला जाताना त्याने एकाच वेळी दोन क्लबांना होकार दिला होता, दोघांनीही अगदी नम्रपणे विचारलं होतं म्हणून. विमानतळावर दोन माणसं त्याच्या नावाचे दोन फलक घेऊन उभी. हा मध्ये. ज्याने बॅग आधी उचलली त्याच्याकडून वर्षभर खेळला आणि दुसऱ्याच्या वाढदिवसाला केक घेऊन गेला.

कझाकस्तानात मेंढीचं डोकं पाहुण्याला मान म्हणून देतात. ते त्याने मॅचच्या दिवशी दुपारी खाल्लं, कारण वाढणारे आजोबा ऐंशीच्या पुढचे होते. त्या मॅचमध्ये तो जागचा हलला नाही आणि तरी त्याच्यामुळे जिंकले म्हणतात, कारण समोरच्यांना त्याला वळसा घालून जाता येईना. मग चीन. तिथून तो गरम पाणी प्यायची सवय घेऊन आला. अजून भर उन्हाळ्यात थर्मास घेऊन हिंडतो आणि प्रोकिप त्याच्याकडे एखाद्या आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहतो. सगळ्या कोचांची तक्रार मात्र एकच असायची, की हा समोरच्याचा बॉल अडवतो आणि मग त्याची माफी मागतो.

दर उन्हाळ्यात घरी यायचा तेव्हा भल्यामोठ्या बॅगेत स्वतःची एक पँट आणि बाकी सगळी धर्ममुलांची खेळणी. कारण आमच्याकडची रीतच तशी आहे. मूल झालं की बाप घरी भाजलेला गोल पाव भरतकामाच्या कापडात गुंडाळून ज्याच्या दारात नेईल, त्याने बाप्तिस्म्याच्या वेळी त्या मुलाचा धर्मबाप म्हणून उभं राहायचं. पाव परत पाठवायचा नाही. परत पाठवला तर पाप लागतं आणि मुलाच्या नशिबात खोट राहते, असं सगळे मानतात. पाव घेतला की दोन्ही घरं एकमेकांची कूम झाली, म्हणजे सख्ख्या भावंडांपेक्षाही जवळची. ज्याला रस्त्यातल्या अनोळखी माणसालाही नाही म्हणता येत नाही, त्याच्या दारात पावांची काय रांग लागली असेल ते बघा. गावात एक समजही पसरला होता, की लुक्यान धर्मबाप झाला की मूल उंच होतं. आमच्या गल्लीतली पोरं बुटकीच राहिली, पण समज काही गेला नाही.

छत्तिसाव्या वर्षी गुडघे बोलायला लागले तेव्हा तो परत आला, आमच्याच गावच्या छोट्या क्लबकडून शेवटचं वर्ष खेळायला. राहायला आमच्याकडे. पलंगाच्या टोकाला मी स्टूल जोडून दिलं. आणि याच वर्षी, इतकी विमानं आणि इतके देश झाल्यावर, आमच्या शाळेच्या हॉलमधल्या घड्याळाच्या टेबलाशी तो अडकला.

त्या टेबलावर ओरिस्या बसते. शाळेत खेळाची शिक्षिका, आणि मॅचच्या दिवशी वेळ आणि गुण सांभाळते. लुक्यानच्या कोपराला लागेल एवढी उंची, पण रेफरी तिला विचारल्याशिवाय शिट्टी वाजवत नाहीत. तिचा नवरा कामाला म्हणून पोर्तुगालला गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. रीतसर घटस्फोट झाला त्याला आता बरीच वर्षं झाली. बाई सरळ, तोंडाने तिखट. मला आवडते.

लुक्यान दर शनिवारी तिच्या घरी जायला लागला. विचारलं की म्हणायचा, बल्ब बदलायला. शिडी लागत नाही ना त्याला. मग पडदे लावले, मग कपाटावरची धूळ पुसली, मग परत बल्ब. एक दिवस ओरिस्या मला दुकानात भेटली आणि हळूच म्हणाली, "मोत्र्या, तुझा भाऊ चालू असलेले बल्ब बदलतो."

"मग तू काही बोलत का नाहीस?" मी म्हटलं.

"मी का बोलू? मागच्या खेपेला लग्नाचं मीच आधी बोलले होते, तो नवरा पोर्तुगालला गेला. या वेळी तुझा भाऊ बोलेल."

मी घरी येऊन लुक्यानला धारेवर धरलं. तेव्हा कुठे तो लालबुंद होऊन म्हणाला की लग्न करीन तर हिच्याशीच, येत्या शनिवारी विचारणार आहे. मी त्या रात्री त्याच्यासाठी नव्या सुटाचं कापड कापलं. इतक्या आनंदात होते की एक बाही उलटी कापली.

आणि गुरुवारी युखिम पाव घेऊन आला.

युखिम आता चेर्कासीची मिनीबस चालवतो. तीन मुलींनंतर त्याला मुलगा झाला होता आणि माणूस जमिनीवर नव्हता. दारातच डोळे पुसत म्हणाला, "लुक्यान, हा तुझाच. दुसऱ्या कुणाचं नाव मनातही आलं नाही." लुक्यानने पाव घेतला, त्याचं चुंबन घेतलं, युखिमला मिठी मारली आणि त्या भरात त्याला चांगला वीतभर उचललं. होरिल्काची, म्हणजे आमच्या कडक दारूची, बाटली निघाली. मी खारवलेली काकडी कापली. एक पेला बाळाच्या आरोग्यासाठी झाला, एक आईच्या, आणि तिसरा पेला भरताना युखिम सहज म्हणाला की धर्मआईचंही ठरलं, बायको किलिना माझ्याआधीच ओरिस्याकडे पाव घेऊन गेलीय.

माझ्या हातातली सुरी थांबली. कारण एकाच मुलाचे धर्मबाप आणि धर्मआई यांनी पुढे कधीही एकमेकांशी लग्न करायचं नाही, बहीणभावासारखं राहायचं. धर्माच्या पुस्तकात हे कुठल्या पानावर लिहिलंय मला ठाऊक नाही, पण आमच्या गावातल्या प्रत्येक म्हातारीला ते पाठ आहे, आणि आमचे पाद्री, फादर येव्सेय, कायम म्हाताऱ्यांच्या बाजूचे. लुक्यानचा चेहरा मी पाहिला. आता बोल, मी मनात म्हणत होते. अरे बाबा, तोंड उघड. त्याने उघडलं, आणि तिसरा पेला त्यात ओतला.

युखिम गेल्यावर मी त्याच्यावर जी बरसले त्यातलं निम्मं लिहिता येणार नाही. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता जा आणि पाव परत दे, पाप लागलं तर मला लागू दे. तो खाली मान घालून बसला, आणि तशी मान घातली तरी ती माझ्या डोळ्यांसमोरच येते. म्हणाला, परत कसा देऊ. बघते तर विचारांच्या नादात त्याने अर्धा पाव खाऊन टाकला होता. राहिलेला अर्धा प्रोकिपच्या ताटात होता.

"मी बोलते युखिमशी," मी म्हटलं.

"मोत्र्या, नको. तीन मुलींनंतर झालाय. उद्या त्या पोराला साधा ताप जरी आला, तरी युखिम मनात म्हणेल की लुक्यानने पाव नाकारला म्हणून."

राग तर येत होताच, पण त्याची कीवही येत होती, आणि दोन्ही एकदम आलं की मला शिवणयंत्राखेरीज काही सुचत नाही. उलटी कापलेली बाही उसवत बसले.

शनिवारी तो तरीही गेला. काय झालं ते मला नंतर ओरिस्यानेच सांगितलं. किलिनाने पाव देताना तिला सांगून टाकलं होतं, की लुक्यान हो म्हणालाय, आता तुझंच राहिलं. तेव्हा तर युखिम अजून आमच्या फाटकातही शिरला नव्हता, पण लुक्यानचा होकार कुणी आधी गृहीत धरला नाही असं कधी झालंय? ओरिस्याला वाटलं, सगळं माहीत असून याने पाव घेतला, म्हणजे याच्या मनात बल्बाच्या पलीकडे काही नाही. मग तिनेही घेतला. वरून त्याला दारात पाहून म्हणाली, "या कूम, बसा." इतके दिवस अरे-तुरे होतं, एकदम अहो-जाहो. हा आत गेला, बल्ब बदलला, थर्मासमधलं पाणी प्याला आणि घरी आला. एक शब्द नाही. त्या दिवशी मी खरंच हात टेकले.

बाप्तिस्मा पुढल्या रविवारी होता. सगळं गाव लोटलं होतं, कारण सात फुटी धर्मबाप आणि कोपराएवढी धर्मआई हे पाहायला कुणाला नको असतं? आमच्या चर्चचं दार जुनं, बुटकं. लुक्यान आत शिरताना कपाळ आपटला, आणि सवयीने चौकटीला 'माफ करा' म्हणाला. अंगात मी शिवलेला नवा सूट. ओरिस्या दिसायला शांत, हातात बाळ, बाळ झोपलेलं. लुक्यानच्या हातात मेणबत्ती. ती कलली होती आणि मेण माझ्या सुटावर पडत होतं. किलिना हसत होती, युखिम रडत होता, प्रोकिप माझ्या शेजारी उभ्याउभ्या पेंगत होता.

फादर येव्सेय यांचा आवाज तळघरातून यावा तसा येतो. बाप्तिस्मा सुरू करण्याआधी ते प्रत्येक जोडीला एक प्रश्न विचारतात, आणि इतक्या वर्षांत त्याचं उत्तर ऐकायला ते थांबतही नाहीत. जोडी हसते, 'नाही फादर' म्हणते, ते पान उलटतात. त्या दिवशीही पान उलटता उलटताच त्यांनी विचारलं, "तुम्ही दोघं नवरा-बायको नाही ना? व्हायचा विचार तर नाही ना?"

ओरिस्याने लुक्यानकडे मान वर करून पाहिलं. तो बोलला की मग आपण बोलायचं, असं तिने ठरवलं होतं म्हणे.

लुक्यानने तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. फादरनी पान उलटलं होतं, ते त्यांना मागे आणावं लागलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुन्हा, या वेळी सावकाश विचारलं. मागून कुणीतरी खोकलं. मी माझी नखं प्रोकिपच्या दंडात रुतवली, तो जागा झाला.

"आहे," लुक्यान म्हणाला.

"काय आहे?"

"विचार आहे, फादर. माझा. तिचं मला माहीत नाही, मी विचारलंच नाही अजून."

चर्चमधल्या सगळ्या म्हाताऱ्या एकदम बोलायला लागल्या. बाळ जागं झालं आणि त्याने भोकाड पसरलं. फादर गरजले की मग इथे कशाला उभा राहिलास, गाढवा. लुक्यान म्हणाला, त्यांनी बोलावलं म्हणून. युखिम पुढे आला, पांढराफटक. मला वाटलं हात उगारतो की काय, आणि उगारला असता तरी तो लुक्यानच्या पोटापर्यंतच पोचला असता.

"म्हणजे तुला माझ्या पोराचा धर्मबाप व्हायचं नाही?"

"व्हायचंय रे," लुक्यानच्या डोळ्यांत पाणी होतं. "फार व्हायचंय. पण हिच्याबरोबर नाही."

"मग घरी आलो तेव्हा का नाही बोललास?"

"तू इतका खूश होतास."

या माणसाला युखिम शाळेपासून ओळखतो. खांदे पाडून म्हणाला, "पंचवीस वर्षं ओरडून घसा बसला माझा, की बॉल मला देऊ नकोस, स्वतः टाक. आणि तुला नेमकं आज टाकायचं सुचलं?" मग ओरिस्याकडे वळून त्याने विचारलं, की आता तूही जातेस का. ती बाळाला थोपटत म्हणाली, "मी कशाला जाऊ? मी पाव घेतलाय. त्याला हलवा इथून."

धर्मबाप मात्र हवाच होता आणि फादर घड्याळ बघत होते. सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत प्रोकिपवर आल्या, कारण तो नुकताच दचकून जागा झाल्यामुळे उत्सुक दिसत होता. राहिलेला अर्धा पाव खाल्ला होता हेही होतंच. त्याला पुढे ढकललं, मेणबत्ती हातात दिली. फादरनी त्याला आणि ओरिस्याला प्रश्न नव्याने विचारला. प्रोकिपने घाईने माझ्याकडे पाहिलं आणि इतक्या जोरात 'नाही' म्हणाला की बाळ गप्प झालं.

दुपारी युखिमच्या अंगणात जेवण होतं. धर्मआई म्हणून ओरिस्या वरच्या मानाच्या जागी, शेजारी प्रोकिप. लुक्यान आता कुणाचाच कुणी नव्हता, म्हणून टेबलाच्या पार खालच्या टोकाला, पोराटोरांत बसला. गुडघे टेबलात मावत नव्हते, तेव्हा आडवाच. युखिम त्याच्या ताटात वाढत होता, पण अजून बोलत नव्हता. ओरिस्याने दोन पेले होऊ दिले, मग उठली आणि सगळ्यांच्या देखत टेबलाच्या कडेने चालत त्याच्यापर्यंत गेली. तो बसलेला आणि ती उभी, म्हणून दोघांची तोंडं एका पातळीवर आली.

"तू मला अजून विचारलेलं नाहीस," ती म्हणाली. "फादरना सांगितलंस."

त्याने विचारलं. काय शब्द वापरले ते मला ऐकू आलं नाही, पोरं ओरडत होती. तिचं ऐकू आलं, कारण ती शिक्षिका आहे.

"एक अट आहे. तुझा तो कीव्हचा एजंट परत फोन करेल. अमुक देशात एकच वर्ष, म्हणेल. तू काय सांगशील?"

"नाही सांगेन."

"तुला येतं का?"

आणि नेमकी तेव्हाच मी होलुब्त्सींचं पातेलं घेऊन तिथे पोचले. कोबीच्या पानात भात-मटण गुंडाळून शिजवलेल्या माझ्या होलुब्त्सी म्हणजे लुक्यानचा जीव की प्राण. लहानपणी आई गेल्यावर आठवडाभर तो काही खात नव्हता, तेव्हा मी पहिल्यांदा केल्या होत्या त्या, कच्च्या राहिलेल्या, आणि त्याने मला वाईट वाटू नये म्हणून सगळ्या संपवल्या होत्या. त्यांच्या बोलण्याशी माझ्या पातेल्याचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी आपली नेहमीसारखी म्हटलं, "घे रे दोन, सकाळपासून उपाशी आहेस." आणि डाव पुढे केला.

लुक्यानने पातेल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्याच्या कपाळावर, जिथे सकाळी चौकट लागली होती, तिथे घाम फुटला. युखिम बाटली हातात धरून बघत होता.

"मोत्र्या," तो म्हणाला, "नको."

"दोनच घे."

"नको. मला नकोत."

ओरिस्या त्याच्या शेजारी बाकावर बसली, पोरांना सरकवून. मी तशीच उभी राहिले, डाव हवेत, डोळ्यांतून पाणी वाहतंय. किलिना धावत आली, तिला वाटलं भावाने सगळ्यांसमोर माझा अपमान केला. तिला समजावून सांगणार कोण? सत्तावीस वर्षं मी त्याला जेवायला वाढतेय, आणि पोटभर आनंद मला त्या दिवशी पहिल्यांदा झाला. होलुब्त्सी मी युखिमच्या ताटात वाढल्या.